सीएसई : आधी मोजणारी, मग बोलणारी संस्था

सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात, कृष्णाकाठच्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान आणि भूगोल शिकवते. आमच्या शाळेत ‘डाउन टू अर्थ’ हे विज्ञान-पर्यावरणाचं इंग्रजी पाक्षिक आणि त्याचं हिंदी मासिक येतं. ज्या संस्थेच्या मदतीनं ते निघतं, त्या दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’चा, म्हणजे सीएसईचा, ‘ग्रीन स्कूल्स प्रोग्राम’ही आम्ही राबवला. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मुलांचे तक्ते पाहून इतर शाळांतले शिक्षक विचारायला लागले. वर्गणी भरण्याजोगं आहे का, मुलांना झेपतं का, आणि दिल्लीतल्या संस्थेचा आपल्याला काय उपयोग? तोंडी सांगून भागेना, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. शाळेनं, गावच्या वाचनालयानं आणि ग्रामसभेत तोंड उघडणाऱ्या प्रत्येकानं ही संस्था जवळ करावी. पर्यावरणावर बोलणारे पुष्कळ आहेत, पण आधी मोजून मग बोलणारे फार थोडे. सीएसई त्या थोड्यांतली. तिच्या कामात मला एक मोठी उणीवही दिसते. ती पुढं सांगतेच.

ओळख थोडक्यात. अनिल अग्रवाल हे आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुढं विज्ञान पत्रकार झाले. त्यांनी १९८० मध्ये ही संस्था काढली. १९८२ मध्ये देशाच्या पर्यावरणस्थितीचा पहिला नागरिकांचा अहवाल आला. १९९२ मध्ये पाक्षिक सुरू झालं. अग्रवाल २००२ मध्ये गेले. सुनीता नारायण १९८२ पासून संस्थेत आहेत आणि आज तिची धुरा त्यांच्याकडं आहे. राजस्थानात निमलीला संस्थेचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं मी गेलेली नाही, त्यामुळं त्याबद्दल काही लिहीत नाही.

मी या संस्थेकडं वळले ती नववीतल्या एका मुलामुळं. हरितगृह वायूंचा धडा चालू होता. तो उठून म्हणाला, ‘बाई, आमच्याकडं म्हशी हायत. त्यांच्यामुळं पृथ्वी तापतीया असं मोबाइलवर दाखवत्यात. मग काय करायचं, इकायच्या का काय?’ वर्ग हसला, पण तो हसत नव्हता. त्याच्या घरचं दूध डेअरीला जातं आणि त्याच पैशावर थोरल्या बहिणीची कॉलेजची फी निघते, हे मला ठाऊक होतं. म्हशीच्या पोटातून निघतो त्या मिथेन वायूचं नाव आणि सूत्र पाठ्यपुस्तकात होतं. त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

ते मला मिळालं सीएसईच्या १९९१ सालच्या एका छोट्या पुस्तिकेत. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी लिहिलेली ही पुस्तिका, नाव ‘ग्लोबल वॉर्मिंग इन अॅन अनइक्वल वर्ल्ड’. तिची पार्श्वभूमी अशी. वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटनं जगातल्या देशांची, कोण किती हरितगृह वायू सोडतं अशी क्रमवारी लावली होती. तीत पहिल्या पाचांत अमेरिका आणि सोव्हिएत संघाच्या जोडीला ब्राझील, चीन आणि भारत होते. म्हणजे पृथ्वी तापवण्यात आपणही मोठे दोषी.

अग्रवाल आणि नारायण यांनी तीच आकडेमोड उघडून पाहिली. त्यांचा पहिला आक्षेप : भातखाचरातून आणि जनावराच्या पोटातून निघणारा मिथेन आणि मोटारींच्या नळीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड एकाच रांगेत कसे बसवता? एकावर कुणाचं तरी जगणं अवलंबून आहे, दुसऱ्यात पुष्कळदा नुसती चैन आहे. दुसरा आक्षेप मला जास्त मोलाचा वाटतो. समुद्र आणि जंगलं दरवर्षी काही कार्बन पोटात घेतात. ही शोषून घेण्याची ताकद कुणाच्या मालकीची? त्या क्रमवारीत ती प्रत्येक देशाच्या उत्सर्जनाच्या प्रमाणात वाटली होती. जो जास्त धूर सोडतो, त्याला सूटही जास्त! सीएसईनं ती लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे दर माणशी सारखी वाटून पाहिली. तसं केल्यावर भारत आपल्या वाट्याच्या आत बसला.

आमच्याकडच्या ताकारी-म्हैसाळ पाणी योजनांच्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला हे समजावत बसावं लागत नाही. वरच्या अंगाच्या बागायतदारानं हंगामभर पाणी ओढायचं, आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, माणसानं एक पाळी घेतली की त्याला म्हणायचं, कालवा आटला त्यात तुझाही हात आहे. १९९१ चा वाद नेमका हाच होता.

पुस्तिकेतल्या पद्धतीवर तेव्हाही वाद झाले आणि ते व्हायलाच हवेत. पण मिथेनबाबत नंतर जे घडलं ते मी मुलांना मुद्दाम सांगते. भारतातल्या भातशेतीतून वर्षाला ३७-३८ दशलक्ष टन मिथेन निघतो असा अमेरिकेतला अंदाज होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतले डॉ. ए. पी. मित्रा आणि देशभरातल्या शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष शेतात जाऊन मोजलं. आकडा ४ दशलक्ष टनांच्या आसपास आला. हे काम सीएसईचं नव्हे, सरकारी शास्त्रज्ञांचं. पण दोन्हींचा धडा एकच, दुसऱ्यानं टेबलावर बसून केलेला अंदाज आपण मोजल्याशिवाय मान्य करायचा नाही.

त्या मुलाला मी काय सांगितलं? म्हशीच्या पोटातून मिथेन निघतो हे खरं, ते लपवायचं नाही. चारा आणि खुराक सकस असेल तर दुधाच्या लिटरमागं मिथेन कमी होतो. शेण उघड्या उकिरड्यावर न टाकता गोबरगॅसला घातलं तर घरचा सिलिंडर वाचतो. आणि म्हैस विकायची नाही. पुढच्या पालकसभेला त्याचे वडील आले, त्यांनी गोबरगॅसच्या अनुदानाबद्दल विचारलं. मला तेवढं पुरेसं होतं.

आता धोरणावरच्या प्रभावाकडं येते, कारण शिक्षक मंडळी तेच जास्त विचारतात. १९९२ मध्ये रिओ दि जानेरोला हवामान बदलाचा जागतिक करार झाला. जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही, हे तत्त्व त्यात लिहिलं गेलं. भारतानं पुढं प्रत्येक परिषदेत दरडोई न्यायाची बाजू मांडली. २००७ मध्ये पंतप्रधानांची हवामान बदल परिषद नेमली गेली, तिच्यावर सुनीता नारायण होत्या. ३० जून २००८ रोजी राष्ट्रीय कृती आराखडा आला. सौर ऊर्जा, पाणी, शेती अशी आठ अभियानं त्यात आहेत. आणि भारताचं दरडोई उत्सर्जन विकसित देशांच्या दरडोई उत्सर्जनापेक्षा कधीही जास्त होणार नाही, हे वचनही. हे सगळं एकट्या सीएसईनं घडवलं असं कुणी म्हणू नये. मुत्सद्दी होते, शास्त्रज्ञ होते, इतर गरीब देश होते. पण न्यायाचा जो हिशेब आपले अधिकारी परदेशात मांडत राहिले, तो एका बिगरसरकारी संस्थेनं इतक्या आधी कागदावर उतरवून दिला होता. चळवळीचा धोरणावर परिणाम होतो कसा, याचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

संस्थेची कामाची रीत हवामानापुरती नाही. १९९६ मध्ये दिल्लीतल्या वाहनांच्या धुरावर तिनं अहवाल काढला. वकील एम. सी. मेहता यांची हवाप्रदूषणाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात चालूच होती. न्यायालयाच्या मदतीला नेमलेल्या प्राधिकरणावर अग्रवाल सदस्य होते. जुलै १९९८ मध्ये दिल्लीच्या सगळ्या बस सीएनजीवर आणण्याचा आदेश निघाला आणि पुष्कळ विरोधानंतर २००२ च्या अखेरीस तो पुरा झाला. २००३ मध्ये संस्थेच्या प्रयोगशाळेनं शीतपेयांतले कीटकनाशकांचे अंश मोजून जाहीर केले. त्यावर संयुक्त संसदीय समिती बसली, अध्यक्ष होते शरद पवार. फेब्रुवारी २००४ मध्ये समितीनं संस्थेचे निष्कर्ष बरोबर ठरवले. आधी प्रयोगशाळा, मग अहवाल, मग न्यायालय किंवा संसद, असा हा मार्ग आहे. रस्ता अडवण्यापेक्षा तो हळू आहे, पण एकदा आदेश निघाला की टिकतो.

आता ती उणीव. दर माणशी हिशेब देशाच्या सीमेवर आला की थांबतो. भारताचं दरडोई कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन वर्षाला साधारण २ टन, अमेरिकेचं १४ टनांच्या घरात. हा फरक खरा आहे आणि तो जगाला ऐकवलाच पाहिजे. पण ते २ टन कुणाचे? सांगलीत विश्रामबागेत दोन चारचाकी आणि प्रत्येक खोलीत एसी असलेलं घर आहे. ऊस हंगामात कारखान्याच्या तळावर बीडहून आलेली ऊसतोड कुटुंबं पालाच्या खोप्यांत सहा महिने काढतात, लाकडाच्या चुलीवर भाकरी भाजतात. सरासरीत दोघंही २ टनांचे. ग्रीनपीस इंडियानं २००७ मध्ये हाच मुद्दा काढला होता, की देशातले श्रीमंत गरिबांच्या सरासरीआड लपतात. तो अहवाल तेव्हा अनेकांना झोंबला. सीएसईच्या लिखाणात देशातली विषमता येत नाही असं नाही. सुनीता नारायण यांच्या लेखांत ती वारंवार येते. पण ज्या ताकदीनं १९९१ मध्ये देशादेशांमधला वाटा मांडला, तसा देशातला वाटा, जिल्ह्याजिल्ह्यातला वाटा मांडणारं तेवढंच ठोस काम मला हवं आहे. ते करायला या संस्थेइतकी लायक दुसरी संस्था देशात नाही, म्हणून मागते.

‘ग्रीन स्कूल्स’बद्दल मात्र मी भरभरून सांगेन. हा मुलांनी स्वतः करायचा शाळेचा पर्यावरण ताळेबंद आहे. हवा, ऊर्जा, अन्न, जमीन, पाणी आणि कचरा असे सहा भाग. प्रत्येक भागासाठी मुलांचा एक गट. गटानं शाळेत फिरायचं, मोजायचं, लिहायचं, आणि शेवटी माहिती संस्थेकडं भरायची. शाळेला हिरवा, पिवळा, नारिंगी किंवा लाल असा दर्जा मिळतो. आम्हाला कुठला मिळाला हे प्रदर्शनात सगळ्यांनी पाहिलंच आहे : पिवळा.

आमच्या आठवीच्या मुलींनी पाण्याचा भाग घेतला. शाळेच्या मागच्या बाजूचा एक नळ कित्येक महिने ठिबकत होता. त्याखाली त्यांनी बादली ठेवली आणि प्रत्येक तासाला जाऊन मोजपट्टीनं पाण्याची उंची लिहिली. शाळा सुटायच्या आत बादली भरून वाहायला लागली. त्यांनी त्यावरून महिन्याचा हिशेब केला आणि तो कागद मुख्याध्यापक सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. सर काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. या नळाबद्दल मी स्वतः सरांना आधी सांगितलेलं होतं. आकडा नेऊन ठेवल्यावर काय होतं हे त्या मुलींनी तेरा-चौदाव्या वर्षी पाहिलं.

अन्नाच्या गटानं पोषण आहाराच्या ताटात काय उरतं ते तोललं. वाटाण्याची उसळ संपते, मटकी संपते, मसालेभात मात्र मोठ्या प्रमाणात टाकला जातो असं दिसलं. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना मुलांनी ते नीट, आदरानं सांगितलं. मावशी म्हणाल्या, ‘मसाला वरनंच ठरवून येतोय बाळांनो, पर मी तिखट कमी करून बघते.’ हवेच्या गटानं वर्गांच्या खिडक्यांचं आणि फरशीचं क्षेत्रफळ मोजून वर्गात पुरेशी हवा खेळते का ते पडताळलं, कोण सायकलनं, कोण एसटीनं, कोण वडिलांच्या गाडीवरनं येतं त्याचा तक्ता केला. ऊर्जेच्या गटाला वर्षाची वीजबिलं एकत्र सापडेनात. कार्यालयातल्या भाऊंनी कपाट उपसून ती काढून दिली. जमिनीच्या गटानं झाडं मोजली. त्यात दप्तर टेकवायची जागा म्हणून सगळ्यांना माहीत असलेला करंज पहिल्यांदा नावासकट नोंदला गेला. कचऱ्याच्या गटाचं काम सगळ्यात कमी रंगलं. आमच्याकडं वर्गीकरणच होत नव्हतं, मोजणार काय? आता दोन डबे आहेत.

हे काम मुलांना झेपतं का? झेपतं, पण शिक्षकाला वेळ द्यावा लागतो. एका तासिकेत होणारं हे काम नाही. परीक्षांच्या तोंडावर अजिबात सुरू करू नये. खर्च आला तो छपाईचा आणि दोन मोजपट्ट्यांचा.

सहा भागांत एक गोष्ट नाही आणि ती आमच्या शाळेला सगळ्यात जवळची आहे : पूर. दिल्लीतल्या शाळेला हा प्रश्न पडणार नाही, आम्हाला पडतो. म्हणून आम्ही सातवा भाग आपला आपण जोडला. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांचं पाणी शाळेच्या भिंतीवर कुठवर आलं होतं, ते गावातल्या जाणत्या माणसांना विचारून मुलांनी रंगानं रेघा मारल्या. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्याच तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली ती त्याच पुरात. मुलांनी पुलाची पातळी आणि भिंतीवरची रेघ यांचा मेळ घालून ठेवला आहे. आता बातम्यांत सांगलीची पातळी सांगितली की कुठली दप्तरं, कुठले संगणक वरच्या मजल्यावर न्यायचे हे शाळेत ठरलेलं आहे. हा भाग मी संस्थेला कळवला आहे आणि नदीकाठच्या इतर शाळांनी तो करावाच.

पुराचा विषय निघालाच आहे, तर संस्थेच्या हवामान आपत्तींच्या नोंदींबद्दल सांगते. २०२२ पासून सीएसई आणि ‘डाउन टू अर्थ’ देशातल्या टोकाच्या हवामानाची दिवसवार मोजणी करतात. वर्षाच्या पहिल्या नऊ महिन्यांत देशात कुठं ना कुठं अशी आपत्ती आली ते दिवस २०२२ मध्ये २७३ पैकी २४१ होते, २०२३ मध्ये २३५ आणि २०२४ मध्ये २७४ पैकी २५५. २०२४ च्या त्या नऊ महिन्यांत ३,२३८ माणसं गेली आणि ३२ लाख हेक्टरवरच्या पिकांना फटका बसला. ही नोंद कमीच असावी, कारण पिकांचं आणि सार्वजनिक मालमत्तेचं सगळं नुकसान सरकारदरबारी एकत्र केलं जात नाही, असं संस्था स्वतःच लिहिते. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. धोरण ठरवणाऱ्यांपुढं हे तक्ते ठेवले की ‘एखादं वर्ष वाईट असतं’ असं म्हणायला जागा उरत नाही.

पण आमच्या जिल्ह्याचं दुखणं या तक्त्यात पुरतं उतरत नाही, आणि याचं कारण समजून घ्यायला हवं. हवामान खात्याच्या व्याख्येत जोरदार पाऊस म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटर आणि त्याहून जास्त. तासगाव-पलूसच्या द्राक्षबागेला एवढा पाऊस लागत नाही. ऑक्टोबर छाटणी झालेली, बाग फुलोऱ्यात आलेली, आणि दोन दिवस नुसतं ढगाळ वातावरण, मधूनच दहा-बारा मिलिमीटर पाऊस. तेवढ्यानं दावण्या हा बुरशीचा रोग येतो, घडकूज होते, मणी गळतात. आमच्या घरच्या बागेत २०१९ च्या परतीच्या पावसात हेच झालं, फवारणीवर फवारणी घेतली तरी घड हाताला लागले नाहीत. हा दिवस ‘टोकाच्या हवामाना’त मोजला जाईलच असं नाही. बेदाणा शेडवर वाळत घातलेला माल एका सरीनं काळा पडतो, तोही नाही. पीक कुठल्या अवस्थेत असताना किती पाऊस घात करतो, असा पीकवार हिशेब कुणीतरी मांडायला हवा, आणि पीकविम्याचे निकष ठरवणाऱ्यांपुढं तो ठेवायला हवा. महाराष्ट्राची एकच ओळ वाचून कोरडा जत आणि नदीकाठचा वाळवा या आमच्या दोन तालुक्यांचा फरक कसा कळणार? २०१९ च्या उन्हाळ्यात जत-आटपाडीकडं जनावरं चारा छावणीत होती आणि ऑगस्टमध्ये आम्ही पुरात होतो. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षात. त्याच्या तीन वर्षं आधी आमच्याच मिरजेहून दुष्काळातल्या लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती. या जिल्ह्याला सरासरी लागू पडत नाही.

वर्गणीचे पैसे मात्र एकाच विषयात वसूल झाले, तो म्हणजे कार्बन क्रेडिट, वाचवलेल्या कार्बनचं विकता येणारं प्रमाणपत्र. गावात एका कंपनीचे प्रतिनिधी आले होते. उसाचं पाचट जाळू नका, कुट्टी करून रानातच कुजवा, नांगरट कमी करा, आम्ही त्याचे कार्बन क्रेडिट विकून तुम्हाला पैसे देऊ, असं त्यांचं म्हणणं. सल्ला चांगलाच आहे, पाचट कुजवल्यानं जमिनीचा कस वाढतो हे कुणीही सांगेल. पण करार इंग्रजीत होता. शेजारचे तात्या तो घेऊन माझ्याकडं आले, ‘बाई, सही कुठं करायची तेवढं दाखवा.’

मला ‘डाउन टू अर्थ’ आणि सीएसईचा २०२३ चा तपास आठवला. भारतातल्या स्वेच्छा कार्बन बाजारावर, म्हणजे कायद्याची सक्ती नसताना असे क्रेडिट जिथं विकले-घेतले जातात त्या बाजारावर, त्यांचे पत्रकार आणि संशोधक गावोगाव फिरले होते. ज्यांच्या नावावर क्रेडिट विकले जातात त्या लोकांना पुष्कळदा त्याची कल्पनाच नसते, करार आणि किमती गुप्त ठेवल्या जातात, सुधारित चुलींसारख्या प्रकल्पांत वाचवलेला कार्बन फुगवून दाखवला जातो, असं त्यांनी मांडलं होतं. तो अंक समोर ठेवून मी तात्यांना प्रश्न लिहून दिले. करार किती वर्षांचा? क्रेडिटची मालकी कुणाची? विक्री किती दरानं झाली हे आम्हाला दाखवणार का? आमचा वाटा किती आणि तो कधी मिळणार? मोजणी कोण करणार? मध्येच रान विकलं किंवा खंडानं दिलं तर काय? ऊस काढून दुसरं पीक घेतलं तर?

पुढच्या बैठकीत तात्यांनी ते प्रश्न सगळ्यांसमोर वाचले. करारात वर्षं बरीच होती, वाट्याचा आकडा कुठंच नव्हता. प्रतिनिधी म्हणाले, वरिष्ठांना विचारून मराठी प्रत घेऊन येतो. गावानं तोवर सह्या थांबवल्या आहेत. पाचट मात्र बऱ्याच जणांनी यंदा पेटवलं नाही. केंद्र सरकारची कार्बन क्रेडिट व्यापार योजनाही २०२३ मध्ये आली आहे, त्यामुळं असे कागद आता प्रत्येक गावात येणार. जे शिक्षक मला वर्गणीबद्दल विचारतात त्यांना मी म्हणते, हा एक लेख गावात दहा जणांनी वाचला तरी वर्षाची वर्गणी कुठल्या कुठं फिटली.

भाषेचं काय? इंग्रजी पाक्षिक सोपं नाही. आकडे, आलेख, लांब लेख. पण लेखन स्पष्ट आहे, मोठे शब्द मिरवण्यासाठी वापरलेले नाहीत. हिंदी मासिक आमच्या नववी-दहावीच्या मुलांना वाचता येतं, आणि ग्रामीण विषय त्यात चांगले येतात. बरंचसं लिखाण संकेतस्थळावर फुकट वाचता येतं, तरी छापील अंक शाळेत हवाच. तो टेबलावर पडलेला असतो, मधल्या सुट्टीत कुणीतरी उघडतं, नकाशावर बोट ठेवून आपलं गाव शोधतं. मी दर अंकातला एक तक्ता मराठीत करून फळ्यावर लावते. संस्थेनं निदान वार्षिक आकडेवारी आणि शाळेचा ताळेबंद मराठीत काढावा, ही माझी कळकळीची मागणी आहे. साखर कारखान्यांच्या, धरणांच्या आणि पुरांच्या या राज्यात तिला वाचक कमी पडणार नाहीत. भाषांतराला लागतील तर आमच्यासारखे शिक्षक मिळतील, मी स्वतः तयार आहे.

एक गोष्ट इथल्या कार्यकर्त्यांसाठी. ही संस्था तुमच्या लढाईत येऊन उभी राहणार नाही, तिचं काम ते नव्हे. सांगलीत निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या नदीकाठच्या पट्ट्यात, कुठं भराव पडतोय, कृष्णेत कुणाचं सांडपाणी सुटतंय, याविरुद्ध तक्रार आपल्यालाच करायची आहे, महापालिकेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळात आपल्यालाच जायचं आहे. सीएसईकडून घ्यायची ती रीत, नमुना कसा घ्यावा, तारीख-वेळ कशी लिहावी, सरकारी आकडा आणि आपला आकडा शेजारी कसा मांडावा. राज्य सरकारच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात ग्रामपंचायतींना पर्यावरणाच्या कामासाठी गुण मिळतात, त्याचा फलक आमच्याही गावात आहे. त्या गुणांच्या शेजारी गावानं स्वतः मोजलेले आकडे लिहिले तर ग्रामसभेत चर्चा वेगळी होईल.

घ्यायचं ठरवलं तर असं करा. हिंदी मासिकापासून सुरुवात करा, इंग्रजी पाक्षिक वाचनालयाच्या किंवा शाळेच्या नावानं घ्या, म्हणजे ते एका घरात अडकणार नाही. शाळेचा ताळेबंद जूनमध्ये गट पाडून सुरू करा आणि पाण्याचा भाग आधी घ्या, त्यात मुलांना लगेच काहीतरी हाती लागतं. वीजबिलांची फाईल कार्यालयातून आधीच मागून ठेवा. नदीकाठच्या शाळांना पुराच्या भागाचा आमचा तक्ता हवा असेल तर प्रदर्शनातली प्रत पंचायत समितीच्या शिक्षण विभागात ठेवलेली आहे, तिथून छायाप्रत काढून घ्या.